अर्कचित्रांचं पुस्तक काढताना: निवड, क्रम, स्कॅन आणि छपाई

प्रश्न थोडक्यात असा: नामवंत व्यक्तींची दीडशेच्या आसपास अर्कचित्रं (कॅरिकेचर) साठली आहेत. काही नुसत्या काळ्या शाईत आहेत, काही जलरंगात. काहींची मूळ चित्रं हरवून फक्त छापील कात्रणं उरली आहेत. त्यांचा संग्रह पुस्तकरूपात काढायचा आहे. तर चित्रं किती आणि कोणती घ्यावीत, क्रम कसा लावावा, परवानग्या कुणाच्या लागतात, आणि छापताना रेषा मरू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावर ठरतात. वर्तमानपत्रात अर्कचित्र एकटं येतं. ती व्यक्ती त्या दिवशी बातमीत असते, मथळा मदतीला असतो, आणि वाचकानं तुमचं आधीचं चित्र महिन्याभरापूर्वी पाहिलेलं असतं. पुस्तकात हे सगळे टेकू निघून जातात, आणि पान उलटलं की लगेच दुसरा चेहरा समोर येतो. मग लक्षात येतं की बारा जणांना एकच हनुवटी दिली आहे, सगळे डावीकडेच बघताहेत, आणि डोळ्यांखालच्या पिशव्या प्रत्येकाला त्याच तीन रेघांनी काढल्या आहेत. एकेकटी चित्रं उत्तम असूनही संग्रह फिका पडतो तो यामुळे. तेव्हा 'चांगलं चित्र' एवढी कसोटी पुरत नाही. शेजारच्या पानासमोर जे टिकेल, तेच घ्यायचं.

निवड

दीडशेतून साठ ते बहात्तर चित्रं उरली तर पुस्तक घट्ट होतं. शंभराच्या पुढे गेलं की वाचक पानं चाळायला लागतो. प्रत्येक चित्राची साधारण ६ सें.मी. उंचीची साधी प्रिंट काढा, नाव मागच्या बाजूला लिहा आणि सगळ्या एकदम जमिनीवर पसरा. उभं राहून, लांबून बघा. इतक्या छोट्या आकारात बारकावे दिसत नाहीत, फक्त डोक्याचा बाह्याकार आणि काळ्या-पांढऱ्याची विभागणी दिसते. ज्यांचा बाह्याकार एकसारखा आहे, अशा चित्रांचे गट आपोआप पडतील. प्रत्येक गटातून एक, फार तर दोन ठेवा. हे जिवावर येतं, कारण बाजूला पडणाऱ्या चित्रांमध्ये मेहनतीची चित्रंही असतात. पण वाचकाला मेहनत दिसत नाही, पुनरावृत्ती दिसते.

दुसरी फेरी ओळखण्याची. तुमची चित्रकला रोज बघणारी घरची माणसं यासाठी चालत नाहीत, त्यांना तुमच्या रेषेच्या सवयी पाठ झालेल्या असतात. बाहेरची सहा-सात माणसं घ्या, वेगवेगळ्या वयांची. प्रत्येक चित्र तीन सेकंद दाखवा आणि आलेलं उत्तर लिहून ठेवा. इथे 'नापास' दोन प्रकारचं असतं आणि त्यांत गल्लत करू नये. 'पाहिलाय कुठंतरी, नाव येत नाहीये' असं उत्तर आलं तर चित्र ठीक आहे, खाली नाव आलं की काम होईल. पण दोघांनी वेगवेगळे विचारूनही एकाच चुकीच्या माणसाचं नाव घेतलं, तर रेषा खरंच दुसऱ्या चेहऱ्याकडे गेली आहे. असं चित्र नाव लिहून वाचत नाही. ते पुन्हा काढा किंवा सोडून द्या.

तिसरी कसोटी सामानाची. चार्ली चॅप्लिनची टोपी-मिशी-काठी, आइन्स्टाइनचे केस, गांधीजींचा गोल चष्मा: ही इतकी रुळलेली चिन्हं आहेत की चेहरा न काढताही माणूस ओळखू येतो. म्हणून हाताशी एक कागदाचा तुकडा ठेवा आणि ते सामान झाका. गांधीजींच्या चित्रावरचा चष्मा झाकून बघा. खाली काय उरतं? बाहेर आलेले मोठे कान, नाकाच्या टोकाचा खाली झुकलेला जाड गोळा, त्याच्या सावलीत बसलेली आखूड मिशी, दात नसल्यामुळे आत गेलेलं तोंड आणि त्यामुळे पुढे आलेली हनुवटी. एवढं तुमच्या चित्रात असेल तर ते अर्कचित्र आहे. टक्कल आणि दोन कान एवढंच उरत असेल, तर चष्म्यानं तुमचं काम केलं आहे. संग्रहात अशी दोन-तीन चित्रं खपून जातात, पण दहा झाली की वाचकाला चेहऱ्यांऐवजी टोप्या, चष्मे आणि पाइप यांचं प्रदर्शन पाहिल्यासारखं वाटतं.

चित्र का फसलं ते शोधताना

बाद झालेल्या चित्रांपैकी काही व्यक्ती संग्रहात हव्याच असतात. ती चित्रं पुन्हा काढावी लागतील, म्हणून थोडं चेहऱ्याच्या मोजमापाबद्दल. सर्वसाधारण प्रौढ चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याइतकं अंतर असतं, कान भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत असतात, आणि ओठांची फट नाकाचा तळ व हनुवटी यांच्यामधल्या अंतराच्या वरच्या तिसऱ्या भागाजवळ असते. आपला माणूस या साच्यापासून कुठे आणि किती सरकतो तेवढंच वाढवायचं. 'मोठं नाक आहे, मोठं काढा' ही नवशिक्याची चूक आहे. बऱ्याचदा नाक साधारणच असतं, पण नाक आणि वरचा ओठ यांतली जागा लांब असते. वाढवायची ती ती जागा. १९८० च्या दशकात सुझन ब्रेनन यांनी संगणकाकडून अर्कचित्रं काढून घेतली ती याच तत्त्वावर: खऱ्या चेहऱ्यातून सरासरी चेहरा वजा करायचा आणि उरलेला फरक वाढवायचा.

एक भाग वाढवला की दुसरा आक्रसायला हवा. कपाळ दीडपट केलं आणि हनुवटी तशीच ठेवली, तर डोकं नुसतं लांबतं. फुगा झाल्यासारखं दिसतं, पण त्या माणसासारखं दिसत नाही. हनुवटी पाऊणपट केली की तेच कपाळ बोलायला लागतं. चेहऱ्यामागे एक किंवा दोनच गोष्टी वाढवाव्यात. चार गोष्टी एकदम ताणल्या की त्या एकमेकींना खातात.

संदर्भासाठी एकच फोटो घेऊ नका, किमान आठ-दहा घ्या, वेगवेगळ्या कोनांतले आणि शक्यतो एकाच काळातले. हातभर अंतरावरून मोबाइलनं काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. लांबून टेलिलेन्सनं काढलेल्या फोटोत चेहरा चपटा होतो. एका फोटोवरून काढलेलं अर्कचित्र कित्येकदा माणसाचं नसून लेन्सचं असतं. याची परीक्षा सोपी आहे. तेच डोकं दुसऱ्या कोनातून, फोटो न बघता काढता येतं का ते पाहा. फ्रेंच व्यंगचित्रकार दोमिए यांनी १८३० च्या दशकात फ्रेंच लोकप्रतिनिधींची छोटी रंगीत मातीची डोकी घडवली होती. त्यांतली ३६ आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. डोकं असं सगळ्या बाजूंनी हाती आलं की मग कागदावर ते कुठेही वळवता येतं.

आणखी एक मुद्दा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. वाढवायचा तो त्या व्यक्तीचा चेहरा, ती ज्या समाजाची किंवा वंशाची आहे त्याचा ठरावीक साचा नाही. जाड ओठ, बसकं नाक, बारीक डोळे ही 'जातकुळी' म्हणून काढलेली असतील तर ते चित्र अर्क काढत नाही, शिक्का मारतं. जुन्या चित्रांत हे नकळत झालेलं असतं. संग्रह करताना ती चित्रं निर्दयपणे बाजूला काढा. आजारपण किंवा अपंगत्व हाच चित्राचा विषय झाला असेल, तर त्याचंही तेच.

परवानग्या

ज्याचं चित्र काढलं त्याची परवानगी सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तींच्या बाबतीत पुस्तकासाठी सहसा लागत नाही, पण कायदे देशागणिक वेगळे आहेत. तुमच्या देशातल्या वकिलाला संपूर्ण डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, एकदा दाखवा. वाकड्या नाकावरून खटला क्वचित होतो. अडचण होते ती चित्राखालच्या ओळीवरून. 'यांनी अमुक ठिकाणी पैसे खाल्ले' हे वस्तुस्थितीचं विधान झालं, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. वकिलाला चित्रांपेक्षा मजकूर जास्त बारकाईनं वाचायला सांगा.

पुस्तक आणि वस्तू यांत फरक आहे हेही ध्यानात घ्या. चित्रं पुढे टी-शर्ट, मग किंवा कॅलेंडरवर टाकायचा विचार असेल तर तो वेगळा हक्क आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये 'थ्री स्टूजेस' या विनोदी त्रिकुटाचं कोळशानं काढलेलं हुबेहूब चित्र टी-शर्टवर छापून विकणाऱ्या चित्रकाराविरुद्ध निकाल दिला. कारण त्या चित्रात मूळ प्रतिमेपलीकडे चित्रकाराची पुरेशी भर न्यायालयाला दिसली नाही. अर्कचित्रात अशी भर असते. म्हणजे जितकं हुबेहूब, तितका अशा वेळी धोका जास्त.

फोटोचा हक्क ही अनेकांच्या नजरेतून सुटणारी बाब. २००८ च्या निवडणुकीतलं बराक ओबामांचं ते लाल-निळं 'होप' पोस्टर एका वृत्तसंस्थेच्या फोटोवरून केलेलं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये तडजोडीनं मिटलं. डोक्याचा कोन, प्रकाशाची दिशा, हाताची ठेवण हे सगळं एकाच फोटोतून उचललेलं असेल, तर चित्र पुन्हा काढा किंवा छायाचित्रकाराकडून लेखी परवानगी घ्या. आणि जी चित्रं आधी कुठे छापून आली आहेत त्यांचे करार शोधून काढा. नोकरीत असताना काढलेल्या चित्रांचा पुनर्मुद्रणाचा हक्क मालकाकडे असू शकतो. 'चित्र माझं, मग हक्कही माझाच' असं गृहीत धरू नका. एक साधं लेखी पत्र आधी घेतलेलं बरं.

आकार आणि क्रम

अर्कचित्रं बहुधा उभी असतात, म्हणून पुस्तक उभंच असावं. ८.५ × ११ इंच किंवा त्याहून जरा लहान. चौकोनी पुस्तक दिसायला देखणं, पण उभ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना जागा वाया जाते आणि चित्र लहान करावं लागतं. आडवं पुस्तक कपाटात वाकतं, शिवाय बांधणीची बाजू आखूड असल्यामुळे पानं लवकर ढिली होतात.

पानं १६ च्या पटीत ठेवा, म्हणजे फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले १६ पानांचे गठ्ठे) पुरते बसतात. बहात्तर चित्रं उजव्या पानांवर आणि त्यांच्या टिपा डाव्या पानांवर असं धरलं तर १४४ पानं होतात. प्रस्तावना, अनुक्रम, सूची वगैरेंना १६ दिली की १६०, म्हणजे बरोबर १० फर्मे. चित्राला सलग उजवं पान मिळणं मला फार गरजेचं वाटतं. समोरासमोर दोन चित्रं ठेवली की वाचक दोघांमध्ये संबंध शोधतो. एक पुढारी डावीकडून रोखून पाहतोय आणि समोरच्या पानावरची अभिनेत्री मान खाली घालून बसलीय, असं झालं की तुमच्या मनात नसलेलं तिसरंच चित्र तयार होतं. समोरासमोर ठेवायचीच असतील तर प्रत्येक जोडीकडे या नजरेनं एकदा बघा.

चेहऱ्याची दिशाही पाहायची. उजव्या पानावरचा चेहरा बांधणीकडे, म्हणजे पुस्तकाच्या आत बघत असला की नजर पानावर थांबते. बाहेर बघत असला की वाचक पान उलटतो. दोन्ही प्रकार हवेत, पण ओळीनं पाच जण बाहेर बघणारे नकोत. इथे एक मोह होतो: संगणकावर चित्र आडवं उलटवायचं. तो टाळा. केसांचा भांग दुसऱ्या बाजूला जातो, कोटाची बटणं उलटी लागतात. लिंकन यांच्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर येतो. नेमकं काय बिघडलं ते वाचकाला सांगता येत नाही, पण 'हा तो वाटत नाही' एवढं त्याला जाणवतं. तुमच्या रेषेचाही एक कल असतो. उजव्या हातानं मारलेल्या छायारेषा बहुधा एकाच बाजूला झुकतात. उलटवलेल्या चित्रात त्या विरुद्ध बाजूला झुकतात आणि ते चित्र दुसऱ्याच कुणीतरी काढल्यासारखं दिसतं.

क्रम वर्णानुक्रमानं किंवा व्यवसायानुसार लावणं सोयीचं असतं, वाचनाला मात्र कंटाळवाणं. खेळाडूंचा विभाग, पुढाऱ्यांचा विभाग असं केलं की एका विभागातले पोशाख आणि ठेवणी सारख्या होतात. त्यापेक्षा भरगच्च काळ्या छायांच्या चित्रानंतर चार रेषांत उतरलेलं चित्र, नुसत्या डोक्यानंतर पूर्णाकृती असा चढ-उतार ठेवा. शोधायची सोय शेवटच्या सूचीत होते. पूर्णाकृती चित्रं तुमच्याकडे कमी असतील तर काही नवीन काढाच. लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात १८६९ पासून कार्लो पेलेग्रिनी आणि पुढे लेस्ली वॉर्ड यांनी काढलेली रंगीत शिळाछापाची चित्रं बहुतेक पूर्णाकृती आहेत. माणूस उभा कसा राहतो, खिशात हात कसा घालतो, पोट पुढे काढतो की खांदे पाडतो, यातच त्याची अर्धी ओळख असते.

सगळी डोकी एकाच मापाची करू नका. एखादं पान काठोकाठ भरणारं, एखादं पानाच्या तळाशी मुठीएवढं. पण हे करताना रेषेची जाडी बिघडते. मूळ रेषा ०.३ मि.मी. असेल आणि चित्र ६० टक्क्यांवर आणलं, तर ती ०.१८ मि.मी. होते. ४० टक्क्यांवर आणलं तर ०.१२. आता शेजारच्या पानावर १०० टक्के मापाचं चित्र असेल तर एक रेषा दुसरीच्या अडीचपट जाड दिसते. म्हणून शक्यतो सगळी चित्रं ५५ ते ७५ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवा आणि मापातला फरक मुळातल्या लहान-मोठ्या चित्रांतून मिळवा. छापील काळी रेषा ०.१ मि.मी.च्या खाली जाऊ देऊ नका. काळ्यात सोडलेली पांढरी रेषा किमान ०.२ मि.मी. हवी, कारण शाई पसरून ती बुजते. दाट उलट-सुलट छायारेषांमधल्या फटी सर्वात आधी बुजतात. कपाळावरची जाळी काळा डाग झाली की ती तिथेच फसलेली असते. कुठल्याही चित्राचं मूळ माप वाढवू नका. रेषेची कड खरबरीत दिसते आणि हात थरथरल्यासारखा वाटतो.

स्कॅन

काळ्या शाईची चित्रं आणि रंगीत चित्रं यांचा रस्ता वेगळा आहे. बहुतेक पुस्तकांत गोंधळ इथेच होतो.

शाईचं चित्र अंतिम मापात १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके), निव्वळ काळं-पांढरं, म्हणजे एका बिटचं असावं. ते करड्या छटांत ठेवलं तर छपाईत रेषेच्या कडेला बारीक ठिपक्यांची जाळी येते आणि धारदार रेषा केसाळ दिसते. पण स्कॅन करताना थेट एका बिटात करू नका. आधी ८ बिट करड्यात घ्या, मग काळं-पांढरं ठरवणारी पातळी स्वतः डोळ्यांनी ठरवा. पातळी जरा वर गेली की बारीक रेषा जाड होतात आणि फटी बुजतात, खाली आली की रेषांची टोकं तुटतात. पापण्या आणि ओठांचे कोपरे मोठे करून बघा, बिघाड तिथे आधी दिसतो. हिशेब असा: चित्र ६० टक्क्यांवर येणार असेल तर १२०० × ०.६ = ७२०. म्हणजे मूळ चित्र किमान ७२० डीपीआयला स्कॅन करा. ८०० किंवा १२०० ला केलं तर उत्तमच.

खाली निळी पेन्सिल राहिली असेल तर रंगीत स्कॅन करून त्यातली फक्त निळी वाहिनी (चॅनल) घ्या, निळं तिच्यात जवळजवळ पांढरं होतं. उलट, पिवळ्या पडलेल्या कागदासाठी लाल वाहिनी घ्या, पिवळेपणा तिच्यात विरतो. चूक झाकायला लावलेल्या पांढऱ्या रंगाचे डाग करड्या स्कॅनमध्ये ठळक दिसतात. काळं-पांढरं करताना ते जातात, पण त्यांच्या जाड कडेची सावली राहू शकते. ती हातानं पुसा.

जलरंगाची चित्रं मूळ मापात ६०० डीपीआयला, १६ बिटमध्ये, टिफ स्वरूपात घ्या. जेपेग नको. जतन करताना ते जितके वेळा दाबलं जाईल, तितका गालांवरचा हलका रंग ठोकळ्यांत फुटतो. ओल्या रंगानं कागद लाटांसारखा वाकलेला असतो. स्कॅनर जुन्या पद्धतीचा, म्हणजे सीसीडीचा असेल तर काचेपासून थोडा वर उचललेला कागदही स्पष्ट येतो. पातळ सीआयएस स्कॅनरमध्ये तेवढा भाग धूसर होतो. कागदाच्या दाण्याची सावली फार येत असेल तर चित्र एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा, दोन्ही जुळवून सरासरी घ्या. सावल्या एकमेकींना बऱ्याच कापतात. कागद शुभ्र करण्याच्या नादात कपाळावरचा अगदी फिकट रंग उडवू नका. ५ टक्क्यांच्या आतली छटा छापताना तशीही निसटते. फिकट रंग थोडा वर आणा आणि मग कागद पांढरा करा.

रंगीत चित्रातली काळी रेषा वेगळ्या थरावर ठेवणं जमलं तर छपाई एकदम सुधारते. तीच रेषा चार शायांनी बनलेली असेल, तर प्लेट केसभर सरकली तरी नाकाच्या कडेला लाल-निळी झालर येते. रेषा फक्त १०० टक्के काळ्या शाईत, खालच्या रंगावर चढवून छापा. यासाठी पुढच्या चित्रांत रंग देण्याआधी शाईचं चित्र स्कॅन करून ठेवायची सवय लावा.

कातडीचा रंग ही सगळ्यात नाजूक बाब. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांत, आणल्यावर पिवळा रंग किरमिजीच्या बरोबरीचा किंवा किंचित जास्त, आणि निळा किरमिजीच्या पाचव्या ते तिसऱ्या भागाइतका हवा. सावळ्या कातडीत निळा निम्म्यापर्यंत जातो. निळा त्याहून वाढला किंवा खोली आणायला काळा जास्त घातला, की सावळा चेहरा राखेसारखा दिसतो. झळाळते गुलाबी आणि नारिंगी जलरंग सीएमवायकेत बसतच नाहीत, ते मळतात. ते कसे दिसतील हे पडद्यावर आधी बघून घ्या, नंतर धक्का नको.

हरवलेल्या चित्रांच्या कात्रणांबद्दल: निव्वळ रेषेचं कात्रण चांगल्या स्कॅननं वाचवता येतं. छटांचं कात्रण म्हणजे आधीच ठिपके असतात. त्यांवर नवे ठिपके चढले की चौकडीची नक्षी उमटते. ठिपके विरघळवून, म्हणजे स्कॅनरची डीस्क्रीन सोय वापरून, आणि लहान मापात छापून ते बरं दिसतं, तेही दोन-चारच. पानभर मोठं करू नका.

कागद, बांधणी, टिपा

शाईच्या चित्रांना १२० जीएसएमचा (एका चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा) बिनलेपाचा, किंचित पिवळसर कागद फार शोभतो. रंगीत चित्रांना १३० ते १५० जीएसएम मॅट आर्ट, म्हणजे न चमकणारा लेपाचा कागद. चकचकीत आर्ट पेपर टाळा. दिव्याखाली मोठे काळे भाग आरशासारखे चमकतात आणि चेहरा पाहायला पुस्तक वाकवावं लागतं. दोन्ही प्रकारची चित्रं असतील तर सगळ्याला मॅट, किंवा रंगीत चित्रांचे फर्मे वेगळे. शाईचं एकूण प्रमाण मॅट आर्टवर ३०० टक्क्यांपर्यंत, बिनलेपाच्या कागदावर २६० ते २८०. यापुढे गेलं की शाई समोरच्या पानाला लागते. कागद पातळ असेल तर भरगच्च काळं चित्र पाठीमागच्या टिपेतून डोकावतं, म्हणून १२० च्या खाली जाऊ नका. कागदाचा धागा कण्याला समांतर हवा, नाहीतर पानं लाटांसारखी उभी राहतात आणि पुस्तक उघडं राहत नाही.

कण्याची जाडी कागद ठरल्यावरच काढा. १६० पानं म्हणजे ८० पत्रं. मॅट आर्टचं पत्र ०.१२ मि.मी. धरलं तर साडेनऊ मि.मी., बिनलेपाचं ०.१५ धरलं तर १२. मुखपृष्ठ आधी करून ठेवलं तर कण्यावरचं नाव हमखास सरकतं.

बांधणी शिवलेलीच घ्या. नुसत्या डिंकाच्या बांधणीत पान पूर्ण उघडत नाही आणि आतल्या बाजूचा कान किंवा खांदा फटीत जातो. शिवलेल्या पुस्तकातही डोक्याची कड बांधणीपासून १५ मि.मी. तरी दूर ठेवा, डिंकाच्या बांधणीत २०. दोन पानांवर पसरलेलं चित्र करायचा मोह झालाच, तर घडी नाकातून किंवा डोळ्यातून जाऊ देऊ नका, ती पार्श्वभूमीतून जायला हवी. प्रती पाचशेच्या खाली असतील तर डिजिटल छपाई सोयीची. तिथे मोठे काळे भाग टोनरमुळे चमकतात, तेव्हा एक फर्मा छापून बघूनच ठरवा.

टिपेत व्यक्तीचं पूर्ण नाव, चित्र कोणत्या वर्षी काढलं, कोणत्या निमित्तानं, माध्यम आणि मूळ माप एवढं हवंच. वर्ष विसरू नका. चाळिशीतला चेहरा आणि सत्तरीतला चेहरा वेगळे असतात, आणि वीस वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याला निमित्त सांगितल्याशिवाय कळणार नाही. मजकूर ६० ते १२० शब्द. चित्रातली गंमत समजावून सांगू नका. हातात फुगा का दिला हे लिहावं लागत असेल, तर त्या काळात घडलेली घटना सांगा, बाकीचं वाचक जोडतो. नाव चित्राच्या खाली ठळक न लिहिता डाव्या पानाच्या तळाशी लहान अक्षरात द्या. आधी चेहरा, मग नाव. शेवटी सगळ्या चेहऱ्यांची छोटी चित्रसूची दिली तर ती खूप वापरली जाते. सही कापू नका, ती चित्राच्या तोलाचा भाग असते. मांडणी करणारे नेमकी तीच कापतात.

छपाईला देण्याआधी साध्या लेझर प्रिंटवर, खऱ्या मापात, पूर्ण पुस्तकाची डमी बांधा आणि दोन दिवस बाजूला ठेवून मग चाळा. सारख्या हनुवट्या, एकाच बाजूला बघणारे चेहरे आणि चुकलेल्या जोड्या तेव्हा दिसतात. पडद्यावर त्या कधीच दिसत नाहीत. छपाई सुरू होताना पहिला फर्मा मशीनवरून काढून घ्या, घडी घाला आणि दिवसाच्या उजेडात बघा: सावळ्या चेहऱ्यांचा रंग, दाट छायारेषांतल्या फटी, आणि घडीकडे गेलेले कान.